बॅसून ऐकू येतोय का?

कार्ल निल्सन या डॅनिश संगीतकाराच्या चौथ्या सिंफनीवर मागे या सदरात चार ओळी लिहिल्या होत्या. त्यानंतर आलेल्या पत्रांत निम्मी डेन्मार्कबद्दलची आहेत आणि निम्मी मोझार्ट-हायडनबद्दलची. दोन्हींना वेगवेगळ्या अंकांत उत्तरं द्यायची असं आधी ठरवलं होतं. पत्रं वाचत गेले तसं दिसलं की एकाचं उत्तर दुसऱ्यात गुंतलेलं आहे, म्हणून सगळी एकत्रच घेते.

प्रश्न : निल्सनच्या सहा सिंफन्यांचे संपूर्ण संच इतके आहेत की डोकं चक्रावतं. मला एकच घ्यायचा आहे. कुठला घेऊ, आणि ऐकायला सुरुवात कुठून करू?

संचाचं नंतर बघू. आधी पाचवी सिंफनी एकटी ऐका. निल्सनने ती १९२० ते १९२२ या काळात लिहिली. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. सुरुवातीला व्हायोला (व्हायोलिनची जरा मोठी, खालच्या आवाजाची बहीण) दोनच सुरांवर हेलकावत राहतात, त्यात ना दुःख ना आनंद. मग दोन बॅसून, म्हणजे खर्जात बोलणारी लांब लाकडी फुंकवाद्यं, जोडीने येतात आणि एक लांबलचक, काहीशी बेफिकीर चाल गाऊ लागतात. कुठलंही नवं रेकॉर्डिंग हाती आलं की मी आधी ही जागा लावून बघते. व्हायोलांचा एकेक सूर सुटा ऐकू आला पाहिजे आणि बॅसून दोन आहेत हे कळलं पाहिजे. ते एकच जाडसर वाद्य वाटत असेल, तर पुढचा अर्धा-पाऊण तास तुमच्या कानावर अर्धंच संगीत पडणार.

पहिल्या भागाच्या उत्तरार्धात तंतुवाद्यांची एक रुंद, शांत चाल सुरू होते. ती भरात आली की स्नेअर ड्रम, म्हणजे लष्करी बँडमधला कडकडणारा छोटा ढोल, तिच्यावर तुटून पडतो, तोही स्वतःच्या वेगळ्याच लयीत, बाकी कुणालाही न जुमानता. ड्रमवाल्याने इथे सुचेल ते वाजवावं, काहीही करून वाद्यवृंदाला पुढे जाऊ द्यायचं नाही अशा ईर्ष्येने, अशी सूचना निल्सनने स्वरलिपीत लिहून ठेवली आहे. १९२४ मध्ये स्टॉकहोमला ही सिंफनी झाली तेव्हा या ठिकाणी बरेच श्रोते उठून गेले. वाद्यवृंद मात्र हटत नाही. तो ड्रमला गिळून पुढे जातो, आणि मग सगळं ओसरून एकटा क्लॅरिनेट गात राहतो, लांबून ड्रमची पुसट टकटक येत असते. ड्रमने काय वाजवायचं हे नेमकं लिहिलेलंच नसल्याने ही जागा प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये नव्याने घडते. लेनर्ड बर्नस्टीन यांच्या १९६२ च्या न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या रेकॉर्डिंगमध्ये ती अंगावर येते. तेवढ्यासाठी ते रेकॉर्डिंग संचाव्यतिरिक्त जवळ असावं.

आता संच. एकच घ्यायचा तर हर्बर्ट ब्लोमस्टेट यांनी सॅन फ्रान्सिस्को सिंफनी या वाद्यवृंदाबरोबर १९८० च्या दशकाच्या अखेरीस डेका कंपनीसाठी केलेला घ्या. त्याआधी १९७० च्या दशकात त्यांनी डॅनिश रेडिओच्या वाद्यवृंदाबरोबर सगळ्या सिंफन्या एकदा केल्या होत्या, कारण १९६७ ते १९७७ ते तिथले प्रमुख संचालक (कंडक्टर) होते. तो संच जास्त घरचा वाटतो, पण सॅन फ्रान्सिस्कोच्या संचात मधले आवाज जसे उलगडतात तसे आधीच्यात उलगडत नाहीत. अलीकडचा म्हणाल तर फाबिओ लुइझी आणि डॅनिश नॅशनल सिंफनी ऑर्केस्ट्रा यांचा डॉइच ग्रामोफोनवरचा संच आहे. लुइझी ऑपेरातून आलेले असल्याने प्रत्येक चाल गायल्यासारखी वळवतात. तिसऱ्या सिंफनीत हे फार शोभतं. तिच्या दुसऱ्या भागात एक स्त्रीस्वर आणि एक पुरुषस्वर शब्दांविना गातात.

मधल्या आवाजांचं मी इतकं लावून धरते त्याला कारण आहे. निल्सन १८८९ ते १९०५ कोपनहेगनच्या रॉयल ऑर्केस्ट्रात दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत बसायचा. १८९४ मध्ये त्याची पहिली सिंफनी पहिल्यांदा वाजली, तेव्हा संचालन योहान स्वेन्सनचं होतं आणि संगीतकार स्वतः त्या रांगेत वाजवत होता. इतकी वर्षं वाद्यवृंदाच्या आत बसून ऐकलेल्या माणसाने हे संगीत लिहिलं आहे. मुख्य चाल पुढे आणि बाकी सगळे मागे कुंद, असं जिथे ऐकू येतं तिथे निल्सन हरवतो.

चौथीबद्दल एवढंच की ती हेडफोनवर किंवा नीट लांब ठेवलेल्या दोन स्पीकरवर ऐका. शेवटच्या भागात टिंपनीचे, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांचे, दोन संच एकमेकांवर चालून जातात आणि ते रंगमंचाच्या दोन बाजूंना असावेत अशी निल्सनची अपेक्षा आहे. सहावीला लोक बिचकतात. माझी मात्र ती सगळ्यांत लाडकी. तिच्या शेवटच्या भागाची चाल एकटा बॅसून मांडतो, आणि बाकी सगळा वाद्यवृंद थांबल्यावर खर्जातला अखेरचा सूर बॅसूनच धरून ठेवतात.

प्रश्न : मोझार्टच्या सिंफन्या मी कार्ल ब्योम यांच्या बर्लिन फिलहार्मोनिकच्या संचावर वाढलो. एका मित्राने डेन्मार्कमधला नवा संच ऐकवला. टिंपनी कानावर आदळते, व्हायोलिन कोरडी वाटतात. यालाच आता चांगलं म्हणतात का?

तो संच आदाम फिशर आणि डॅनिश नॅशनल चेंबर ऑर्केस्ट्रा यांचा असणार. २००६ ते २०१३ दरम्यान झालेल्या पंचेचाळीस सिंफन्या, डाकापो या डॅनिश कंपनीने काढलेल्या. तुमचा कान चुकत नाहीये. टिंपनीला टणक काठ्या आहेत, ट्रंपेट जुन्या घडणीचे, झडपांशिवायचे आहेत, आणि तंतुवाद्यं सुराला सतत थरथर देत नाहीत. ब्योम यांच्या संचात ती थरथर सगळ्या सुरांवर मऊ साय धरते. सायीखालचं ऐकायची सवय लागायला थोडे दिवस जातात.

तुमच्या मित्राची बाजू मी घेईन, पण जरा वेगळ्या कारणासाठी. ‘मोझार्टच्या काळी वाद्यवृंद लहान असायचे, म्हणून लहानच बरोबर’ असं सांगितलं जातं. ते पुरतं खरं नाही. ११ एप्रिल १७८१ ला मोझार्टने व्हिएन्नाहून वडिलांना पत्र लिहिलं आहे. आपली सिंफनी फार छान झाली असं सांगून तो वाद्यं मोजतो : चाळीस व्हायोलिन, दहा व्हायोला, आठ चेलो, दहा डबल बेस, फुंकवाद्यं सगळी दुप्पट, आणि बॅसून सहा. हा आकडा नीट बघा. व्हायोलिन वाढली तशी फुंकवाद्यंही वाढली. तोल तोच राहिला, आवाज मोठा झाला, आणि मोझार्टला ते मनापासून आवडलं. पुढे विसाव्या शतकात तंतुवाद्यांचा ताफा मोठाच राहिला, बॅसून मात्र दोनवर थांबले. ब्योम यांच्याकडे बर्लिनचे फुंकवाद्यवाले अव्वल दर्जाचे होते, तरी ते एका मखमली पडद्यामागे बसल्यासारखे वाटतात.

दोन्ही संचांतली ‘प्राग’ सिंफनी, म्हणजे ३८ वी, शेजारी शेजारी ठेवा. तिच्यात क्लॅरिनेट नाहीत. ओबो, फ्लूट, बॅसून आणि हॉर्न एवढ्यांवर मोझार्टने इतकं काम सोपवलंय की ती जवळजवळ फुंकवाद्यांचीच सिंफनी आहे. पहिल्या भागाच्या मधल्या विस्तारात चार-पाच आवाज एकमेकांना अडवत, ओलांडत जातात. फिशर यांच्याकडे त्यातला कुठलाही एक आवाज निवडून शेवटपर्यंत त्याच्यामागे जाता येतं. आवडायची घाई करू नका. आधी ३८ वी, मग २९ वी, आणि ४० वी सगळ्यांत शेवटी, कारण ती तुमच्या कानात ब्योम यांच्या चालीने पक्की बसलेली असणार. ब्योम यांचा संच टाकून देऊ नका. संथ भागांत त्यांची जी विश्रांत लय आहे ती फिशर यांच्याकडे नाही.

या वाद्यवृंदाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९३९ पासून तो डॅनिश रेडिओचा होता. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये रेडिओने खर्चाच्या कारणाने तो बंद करत असल्याचं जाहीर केलं. मोझार्टच्या सगळ्या सिंफन्या पुऱ्या करून त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं. वादकांनी आणि श्रोत्यांनी मिळून पैसे उभे केले आणि ‘डॅनिश चेंबर ऑर्केस्ट्रा’ या नावाने तो पुन्हा उभा राहिला. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांच्याबरोबर असलेले फिशर यांनीही साथ सोडली नाही. २०१९ मध्ये नॅक्सॉसवर त्यांचा बेटहोवनच्या नऊ सिंफन्यांचा संच आला. त्यातली चौथी ऐका. शेवटच्या भागात बॅसूनला एक धावती जागा आहे, भल्याभल्यांची फेफे उडवणारी. ती इथे हसतखेळत, प्रत्येक सूर टिपून येते. नोकरी गेलेल्या आणि स्वतःच्या बळावर परत जमलेल्या माणसांचं वादन आहे हे ठाऊक असल्यामुळे मला ते जास्त भिडतं, हे उघडच सांगते.

प्रश्न : मोझार्ट-हायडनच्या काळात डेन्मार्कमध्ये कुणी होतं का? की निल्सनच्या आधी सगळा अंधार?

अंधार कसला! मोझार्टच्या घरातलंच माणूस तिथे राहत होतं. त्याची पत्नी कॉन्स्टान्झ हिने १८०९ मध्ये गेओर्ग निकोलाउस निसन या डॅनिश मुत्सद्द्याशी लग्न केलं, आणि १८१० ते १८२० ही दोघं कोपनहेगनला लॅवेंडलस्ट्रेड नावाच्या छोट्या रस्त्यावर राहत होती. निसनने मोझार्टचं चरित्र लिहिलं, जे त्याच्या मृत्यूनंतर १८२८ मध्ये छापून आलं. पुढच्या सगळ्या चरित्रकारांची भिस्त त्यातल्या पत्रांवर राहिली आहे.

संगीतकारांत पहिला बघा ख्रिस्टोफ वाइसे. जन्म १७७४, हॅम्बुर्गशेजारच्या आल्टोनाचा, पंधराव्या वर्षी कोपनहेगनला आला. १७९५ ते १७९९ एवढ्या काळात त्याने सात सिंफन्या लिहिल्या आणि मग सिंफनी हा प्रकारच सोडून दिला. हायडन लंडनसाठी शेवटच्या सिंफन्या लिहीत होता तो हाच सुमार. पंचविशीही न ओलांडलेल्या मुलाच्या या सिंफन्या आहेत, हायडनचा ठसा तर जागोजागी दिसतो, पण पहिल्या, जी मायनरमधल्या सिंफनीत जो अस्वस्थपणा आहे तो त्याचा स्वतःचा आहे. मिखाएल शेनवान्ट यांनी रॉयल डॅनिश ऑर्केस्ट्राबरोबर सातही डाकापोसाठी ध्वनिमुद्रित केल्या आहेत. आजच्या डेन्मार्कमध्ये वाइसे ओळखला जातो तो सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनागीतांसाठी; सिंफन्या फारशा कुणी वाजवत नाही.

फ्रीड्रिख कूलाउ हाही जर्मनीहून आलेला. नेपोलियनच्या फौजेत भरती व्हायला नको म्हणून १८१० मध्ये हॅम्बुर्गहून पळाला. पियानो शिकणाऱ्या प्रत्येकाच्या हाताखालून त्याच्या सोनाटिना गेलेल्या असतात आणि तेवढ्यावरच लोक त्याला निकालात काढतात. त्याच्या पियानो कॉन्चेर्टोवर (कॉन्चेर्टो म्हणजे एक मुख्य वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना) मीही वेळ घालवा म्हणणार नाही, बेटहोवनच्या पहिल्या कॉन्चेर्टोची सावली तिच्यावर फारच गडद आहे. पण फ्लूट आणि तंतुवाद्यांची तीन पंचकं, ओपस ५१, जरूर मिळवा. स्वतः फ्लूट न वाजवणाऱ्या माणसाने त्या वाद्याचा श्वास इतका ओळखावा याचं मला कायम नवल वाटतं. १८३१ मध्ये त्याच्या घराला आग लागली आणि न छापलेली बरीच हस्तलिखितं जळाली. पुढच्याच वर्षी तो गेला. काय काय गेलं असेल त्या आगीत!

मग नील्स गादे. त्याची पहिली सिंफनी कोपनहेगनने नाकारली, त्याने ती लाइपझिगला पाठवली, आणि मेंडेलसोनने १८४३ मध्ये ती स्वतः सादर केली. मेंडेलसोननंतर लाइपझिगचा गेवांटहाउस हा वाद्यवृंद गादेकडे आला, पण १८४८ मध्ये डेन्मार्क-प्रशिया युद्ध पेटलं आणि तो मायदेशी परतला. त्या वर्षीचं त्याचं आठ तंतुवाद्यांचं अष्टक ऐका. मेंडेलसोनचं अष्टक ज्यांना पाठ आहे त्यांना तर ऐकताना दुहेरी आनंद होईल. हाच गादे पुढे कोपनहेगनच्या संगीतशाळेत निल्सनचा शिक्षक होता.

प्रश्न : चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वादकांचं संगीत, मला कंटाळवाणं वाटतं. निल्सनमध्ये असं काही आहे का जे मला धरून ठेवेल?

आहे. १९२२ चं फुंकवाद्यांचं पंचक, ओपस ४३. फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न आणि बॅसून.

त्याचा जन्म टेलिफोनवर झाला. १९२१ मध्ये निल्सनने एका पियानोवादक मित्राला फोन केला, तर पलीकडे मोझार्टच्या सिंफोनिया कॉन्चेर्टान्तेची तालीम चाललेली. कोपनहेगन विंड क्विंटेटचे वादक ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न आणि बॅसूनचे भाग बसवत होते. निल्सनला ते इतकं आवडलं की तो तडक तिथे जाऊन पोचला. मग त्याने या पाच जणांसाठी लिहिलं, त्यांचे स्वभाव डोळ्यांसमोर ठेवून. म्हणूनच मी म्हणते, मोझार्ट आणि डेन्मार्क हे दोन गठ्ठे वेगळे होत नाहीत.

पहिली चाल बॅसूनची, भल्या माणसाने सहज बोलायला सुरुवात करावी तशी, आणि बाकीचे तिला वरून उत्तर देतात. पण तुम्ही थेट शेवटच्या भागावर जा. आधी एक गंभीर प्रवेश आहे, ज्यात ओबोवाला आपलं वाद्य ठेवून कॉर आंग्ले, म्हणजे ओबोचंच खालच्या आवाजाचं भावंड, उचलतो आणि हवाच पालटते. मग निल्सनचंच एक साधं भजन येतं आणि त्यावर अकरा रूपं. एकात क्लॅरिनेट आणि बॅसून यांचं कडाक्याचं भांडण आहे, दोघंही ऐकून घ्यायला तयार नाहीत. एक रूप एकट्या बॅसूनचं, एक एकट्या हॉर्नचं. शेवटी भजन परत येतं तेव्हा तीन मात्रांचं चार मात्रांचं झालेलं असतं, अधिक ठाम पावलांचं.

आणि अगदी अखेरचा सूर ऐकायला विसरू नका. निल्सनने तिथे बॅसूनला खालचा ए दिलाय, आणि नेहमीच्या बॅसूनवर तो सूर निघतच नाही. वाद्याच्या तोंडात नळी खोचून त्याची लांबी वाढवावी लागते. कुणी पुठ्ठ्याची गुंडाळी करतं, कुणी दुसरं काही. प्रत्यक्ष मैफलीत शेवटच्या ओळींपूर्वी बॅसूनवाला हळूच वाकून ती नळी बसवताना दिसतो. मग तो खोल सूर निघतो आणि वरचे चौघे त्याच्यावर निवांत टेकतात. रेकॉर्डिंगमध्ये तो सूर छातीत जाणवला पाहिजे.

एमान्युएल पाहू आणि बर्लिन फिलहार्मोनिकची मंडळी, सोबत साबीने मायर, यांचं ईएमआयवरचं रेकॉर्डिंग सहज मिळतं. त्याच सीडीवर सायमन रॅटल यांच्याबरोबर फ्लूट आणि क्लॅरिनेट कॉन्चेर्टोही आहेत. या पाचही वादकांना एकेक कॉन्चेर्टो लिहून द्यायचा निल्सनचा बेत होता. १९२६ मध्ये फ्लूटचा झाला, १९२८ मध्ये ओगे ओक्सनवादसाठी क्लॅरिनेटचा झाला, आणि १९३१ मध्ये निल्सन गेला. बॅसूनचा कॉन्चेर्टो राहून गेला, याची मला आजही हळहळ वाटते.

प्रश्न : जुन्या, एकाच स्पीकरच्या जमान्यातल्या रेकॉर्डिंगना काही अर्थ आहे का?

निल्सनच्या बाबतीत फारच. कारण ती वाजवणाऱ्यांनी त्याला पाहिलेलं होतं. ज्यांच्यासाठी पंचक लिहिलं त्यांच्यापैकी बहुतेकांनीच १९३० च्या दशकात ते ध्वनिमुद्रित केलं. खरखर आहे, पण त्यांचा वेग आणि त्यांची सहजता ऐकून पुढच्या अनेकांचा सोवळेपणा खटकू लागतो. टॉमस येन्सन यांची डॅनिश रेडिओच्या वाद्यवृंदाबरोबरची १९५४ ची पाचवी, लाउनी ग्रनडाल यांची १९५१ ची चौथी, दोन्ही ऐका. चौथीत टिंपनी कुठल्या बाजूला आहेत हे अर्थातच कळणार नाही. पाचवीबद्दल एक सावधगिरी : संचालक एरिक टुक्सेन आणि निल्सनचे जावई एमिल टेल्मान्यी यांनी हातफिरवणी केलेली स्वरलिपी १९५० मध्ये छापली गेली आणि बराच काळ तीच वापरात होती. त्यामुळे जुन्या आणि नव्या रेकॉर्डिंगमध्ये काही तपशील वेगळे ऐकू आले तर तो तुमच्या कानाचा दोष नाही.

प्रश्न : हायडनच्या १०४ सिंफन्या क्रमाने ऐकाव्यात का?

नको. ४५, ८८, ९३ आणि १०३ अशा चार घ्या, त्या मुरू द्या, मग मागे-पुढे सरका. ९३ च्या संथ भागात, सगळं अगदी नाजूक होत विरत आलेलं असताना, बॅसून खर्जात एक धसमुसळा सूर ठोकून देतो. काही संचालक तो लाजून दाबतात. त्यांचं ऐकू नका. संपूर्ण संच हवाच असेल तर आदाम फिशर यांचाच ऑस्ट्रो-हंगेरियन हायडन ऑर्केस्ट्राबरोबरचा आहे, आयझेनश्टाटच्या एस्टरहाझी राजवाड्यात, हायडनच्याच दालनात १९८७ ते २००१ दरम्यान ध्वनिमुद्रित झालेला. आंताल दोराती यांचा डेकावरचा त्याहून जुना आणि अधिक एकसंध आहे.

प्रश्न : मला थोडी स्वरलिपी वाचता येते. निल्सनच्या कृतींची स्वरलिपी कुठे मिळेल?

कोपनहेगनच्या रॉयल लायब्ररीने १९९४ ते २००९ या काळात त्याच्या सगळ्या कृतींची चिकित्सक आवृत्ती पूर्ण केली आणि ती लायब्ररीच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येते. प्रस्तावना डॅनिशबरोबर इंग्रजीतही आहेत. आधी पंचकाची घ्या. पाचच ओळी एकाखाली एक असल्याने नजर चुकत नाही, आणि कोण कुणाला उत्तर देतंय ते पानावर दिसतं. पाचव्या सिंफनीची त्यानंतर.